फाटला तर फ्लॅप फाटू दे, पत्रा नको

प्रिय सुहास,

तू पाठवलेले फोटो बघितले आणि पोटात गोळाच आला. मडफ्लॅप, म्हणजे चाकामागचा चिखल अडवणारा पडदा, गेल्याचं एवढं नाही रे, पण जाताना फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, कड वाकवून क्लिपा पण उपटून घेऊन गेला ते बघवेना. माझं पण अगदी असंच झालं होतं, रिव्हर्स घेताना मागचा फ्लॅप दगड आणि टायरच्या मधे सापडला, आणि रिव्हर्समधे टायरची मागची बाजू खाली फिरत असते ना, मग तो फ्लॅपला गिळत जातो, आपल्याला कळेपर्यंत कड्ड आवाज येऊन सगळं संपलेलं असतं.

म्हणून आता नवीन घेताना कडक प्लास्टिकचा अजिबात घेऊ नकोस. तो दिसतो छान, डांबरी रस्त्यावर चालतो पण, पण वाकायची वेळ आली की तुटतो नाहीतर सगळा जोर पत्र्यावर टाकतो. जाड रबराचा नाहीतर पॉलीयुरेथेनचा (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) घे, हाताने दुमडून बघ, सोडल्यावर आपोआप सरळ झाला पाहिजे. पॉलीयुरेथेन हलका असतो आणि थंडीत पण लवचिक राहतो, रबर जड पण दुरुस्त करायला सोपं. रुंदी टायरएवढी तरी हवीच, नाहीतर चिखल बाजूने दारांवर उडतो. लांबीचा मोह मात्र आवर, जितका खाली तितका अडकणार. आणि तू टायर मोठे टाकलेस ना, मग पुढचे फ्लॅप लावल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघ, घासतंय का ते उभ्या गाडीतच कळलेलं बरं. सायलेन्सरच्या पाइपजवळ येत असेल तर तेवढा भाग कापून टाक, गरम होऊन वितळतो.

आता तुझा डावीकडचा फाटलेला, तो टाकू नकोस, रबराचाच आहे ना. चीर जिथे संपते तिथे ३-४ मिमीचं गोल भोक पाड, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग मागून जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा लावून दोन्हीकडून मोठे वॉशर घालून बोल्टने आवळ, नुसत्या गमवर विसंबू नकोस, ओल्या चिखलात तो सुटतोच. बोल्टची भोकं फाटलीत तिथे वरच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी टाक, त्यामुळे ताण एका भोकावर न येता सगळ्या कडेवर वाटला जातो. स्टीलचे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असते, हादऱ्याने ढिले होत नाहीत), आणि खूप करकचून आवळू नकोस, रबर दबून वॉशरच्या कडेनेच फाटतं.

पण हे सगळं करायच्या आधी पत्र्याकडे बघ, मला खरी काळजी त्याचीच आहे. फ्लॅप आणि फेंडरच्या मधे चिखल साचून ओल धरून बसतो आणि रंग उडालेल्या जागी गंज आतल्या आत खात जातो, बाहेरून काही कळतच नाही. धुवून, पूर्ण सुकवून, पॉलिश पेपर मार, प्रायमर आणि रंग लाव, नवीन पाडलेल्या भोकांच्या कडांना पण, मगच फ्लॅप चढव.

अवघड दगडांचा रस्ता असेल तेव्हा मी मागचे दोन्ही काढूनच ठेवतो, चार बोल्ट, दहा मिनिटांचं काम. तुला तेवढं नको असेल तर खालच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरीने वर बांध, फक्त टायरला लागणार नाही असा.

जुने बोल्ट फेकू नकोस, पट्टी टाकल्यावर नवे थोडे लांब लागतील, तेव्हा जुने मापाला हाताशी हवेत.

तुझा,
नंदू