एकवीस पूर्ण होण्याआधी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलंस, इंटर्नशिपच्या अर्जात 'कामाची परवानगी आहे का' यापुढे 'नाही' निवडलंस आणि पुढचं काही न भरता लॅपटॉप मिटलास. मी 'होईल गं काहीतरी' म्हणून फोन ठेवला. ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. तुला सगळं नीट सांगायला हवं होतं. सावकाश वाच, अडलं तर आईला विचार.

2009 साली आपण अमेरिकेत, एडिसनला आलो तेव्हा तू चार वर्षांची होतीस. माझा एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, तुम्हा दोघींचा एच-फोर, म्हणजे त्याच्या बायकामुलांचा. त्यावर तुला काम करता येत नाही. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, रांगेतली माझी तारीख, प्रायॉरिटी डेट, पडली जून 2015. तेव्हापासून दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक, उघडून मी भारताचा रकाना बघतो. तारीख कधी थोडी पुढे सरकते, कधी हलत नाही, कधी चक्क मागे जाते.

नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, हा आकडा 1990 च्या कायद्यातला. त्यातच बायकामुलांचीही गणती. आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के, मग तो भारत असो की आइसलँड. देश ठरतो जन्मावरून. तुझा धाकटा भाऊ ओम इथे जन्मला म्हणून इथला नागरिक. तू साताऱ्याला जन्मलीस म्हणून रांगेत, तीही माझ्या नावावर. नोव्हेंबरात तुला एकवीस पूर्ण झाली की एच-फोर संपतो. 2002 च्या कायद्याने ग्रीन कार्डासाठी मुलांच्या वयातून अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळ वजा होतो. आपल्या बाबतीत तो चार महिने. त्यानंतर रांगेत काढलेली वर्षं मात्र धरतच नाहीत.

मग एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा, घ्यावा लागेल, आणि शिक्षण संपल्यावर परत जाईन हे अधिकाऱ्याला पटवावं लागेल. परत म्हणजे साताऱ्याला, जिथला अंगणातला हापसा तेवढा तुला आठवतो. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता.

आत्या इथली नागरिक आहे. तिने 2009 मध्येच साताऱ्याच्या काकांसाठी अर्ज केला. नागरिकांच्या भावंडांसाठी जगभर मिळून वर्षाला 65,000 व्हिसा. काका अजून तिथेच आहेत, आणि तेव्हा शाळेत जाणाऱ्या त्यांच्या मुलाचं, दादाचं, लग्नही झालं.

2019 च्या जुलैमध्ये देशांची मर्यादा काढायचं विधेयक प्रतिनिधिगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं, तेव्हा मी पेढे आणले होते. सिनेटने 2020 च्या डिसेंबरात वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि मुदत संपली. पेढे ऑफिसातही वाटले होते. माझ्या नेपाळी मित्राने घेतला, पण त्याचा चेहरा उतरला होता. मर्यादा गेली असती तर आपली रांग सरकली असती आणि तो अडकला असता. भाकरी तेवढीच ठेवून नुसती वाढण्याची पंगत बदलली की कुणीतरी उपाशी राहणारच. म्हणून आता मला वाटतं, आधी भाकरी मोठी व्हायला हवी: बायकामुलांना त्या आकड्यात धरू नये, मागच्या वर्षांतली न वापरलेली कार्डं परत द्यावीत.

पण त्याच्याही आधी मुलांचं वय आईबापांनी अर्ज केला त्या दिवशी गोठवावं. तसं विधेयक पहिल्यांदा 2021 मध्ये मांडलं गेलं, अजून कायदा झालेला नाही. त्याच्यासाठी येत्या शुक्रवारी मी आपल्या काँग्रेस प्रतिनिधीच्या कचेरीत जाणार आहे. कागदांची निळी फाइल काढून ठेवली आहे. तिच्यात तुझ्याबद्दल एकच शब्द पुन्हा पुन्हा आहे, 'डिपेंडंट'. तुझी शाळा, तुझं व्हायोलिन, तू शिकवलेली लहान मुलं, यातलं काहीच नाही. गुरुवारपर्यंत तुझ्या हाताने एक पान लिहून पाठव. ते मी सगळ्यात वर लावीन.

तुझा,
बाबा