कन्सोल फक्त क्रिकेट-फुटबॉलपुरता नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की दैनिकांच्या खरेदीच्या पानांवर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांची, म्हणजे कन्सोलची, माहिती येऊ लागते. किंमत किती, साठवण किती, हप्ता किती, हे सगळे त्यात असते. घरी आणल्यावर त्यावर खेळायचे काय, याबद्दल मात्र एक ओळही नसते. मग एक क्रिकेटचा, एक फुटबॉलचा आणि एक गोळीबाराचा खेळ येतो, आणि घरातली बाकीची माणसे टीव्ही कधी मोकळा होतोय याची वाट बघत बसतात. गोष्ट सांगणारे आणि कोडी घालणारे खेळ ही कन्सोलची सगळ्यात मोठी दौलत आहे, आणि मुंबईतल्या घराला ते फार चपखल बसतात. हॉल एक, टीव्ही एक, एकाच्या हातात कंट्रोलर आणि बाकी तिघांची डोकी कामाला. असा खेळ निवडताना ग्राफिक्स कसे आहेत हे नंतर बघावे. आधी बघावे ते समोर कोण बसणार आणि त्यांना किती इंग्रजी वाचावे लागणार. मराठी उपशीर्षकांची सोय या खेळांत जवळपास नसतेच, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

म्हणून सुरुवात बिनशब्दांच्या खेळांपासून करावी. त्यात आमची पहिली पसंती 'गोरोगोआ'ला (२०१७). जेसन रॉबर्ट्स यांनी हाताने काढलेल्या चित्रांचा हा खेळ साधारण दोन तासांत संपतो. पडद्यावर दोन गुणिले दोन अशा चार चौकटी असतात. चित्रावर बटण दाबले की आपण त्याच्या आत शिरतो, मागे आलो की बाहेर पडतो. काही चित्रांतली खिडकी किंवा दाराची कड उचलून वेगळी काढता येते आणि दुसऱ्या चित्रावर ठेवता येते. मग एका चित्रातला मुलगा त्या दारातून थेट दुसऱ्या चित्रात पाऊल टाकतो. अडायला होते ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: चौकट उचलता येते हेच लक्षात आलेले नसते. अशा वेळी प्रत्येक चित्रातून शक्य तेवढे मागे यावे, मग शक्य तेवढे आत जावे आणि प्रत्येक पायरीवर चौकट सरकवून बघावी. सातवीतले नातवंड आणि सत्तरीची आजी इथे एकाच पातळीवर असतात. 'जर्नी' (२०१२) हाही शब्दांवाचूनचा खेळ; कोडी नावापुरती, पण वाळूतून चालण्याचा अनुभव विलक्षण. 'लिम्बो' आणि 'इनसाइड' यांतही एक अक्षर वाचावे लागत नाही. केवळ त्यामुळे ते लहान मुलांसमोर लावू नयेत. दोन्हींत कोडे चुकले की छोट्या मुलाचा मृत्यू अगदी स्पष्ट दाखवतात, आणि कोडे चार-पाचदा चुकतेच.

इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येणाऱ्यांनी एकच खेळ घ्यायचा असेल तर 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' घ्यावा. लुकस पोप यांनी तो २०१८ साली संगणकासाठी केला आणि २०१९मध्ये तो प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा स्विच या तिन्ही कन्सोलवर आला. साल १८०७. हरवले म्हणून सोडून दिलेले एक व्यापारी जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला रिकामे लागते. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. जहाजावरच्या ६० जणांपैकी प्रत्येकाचे नाव काय आणि त्याचे काय झाले, हे वहीत भरायचे. हाताशी एक घड्याळ असते. ते मृतदेहाजवळ उघडले की आधी अंधारात त्या क्षणाचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो. त्यात आपण फिरू शकतो, बदल काही करू शकत नाही.

या खेळात माणसे हरतात ती घाईमुळे. मरणाऱ्याकडेच बघतात आणि बाहेर पडतात. खरा पुरावा त्याच्यामागे असतो: दाराआड कोण उभे आहे, कुणाच्या अंगावर कोणता गणवेश आहे, कोण कुणाच्या शेजारी जेवतो, कुणाच्या झोपायच्या झोळीला कोणता आकडा बांधला आहे. पहिल्यांदा दृश्य ठरावीक वेळच दिसते, पण नंतर तिथे परत जाता येते आणि तेव्हा मनसोक्त फिरावे. वहीतला चेहरा पुसट असेल तर ओळखायला पुरेसा पुरावा अजून हाती आलेला नाही असे समजून पुढे जावे. उत्तरे बरोबर असली तरी खेळ ती तीन-तीनच्या गठ्ठ्याने पक्की करतो. दोन खात्रीची आणि तिसऱ्या जागी एकेक नाव घालून बघायचे, हा मार्ग चालतो, पण त्याने खेळाची सगळी चव जाते. मृत्यूच्या कारणाच्या नेमक्या शब्दावर अडून बसू नये. बऱ्याच ठिकाणी एकाहून अधिक उत्तरे ग्राह्य धरली आहेत. आणि हेडफोन लावावेत, कारण बोलण्याची ढब हाही पुरावा आहे. जहाजाच्या यादीत हिंदुस्थानातले खलाशीही आहेत. कोकणपट्टीतल्या कितीतरी घरांतून माणसे बोटींवर गेली. त्या घरांतल्या वाचकांना ही यादी निव्वळ कोडे वाटणार नाही.

हा खेळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत रंगवलेला आहे, आणि इथेच टीव्हीचा विषय निघतो. दुकानातून आलेला टीव्ही बहुधा 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर असतो. शार्पनेस चढवलेला असला की 'ओब्रा डिन'चे ठिपके वळताना वळवळतात आणि डोके दुखते. शार्पनेस उतरवा आणि दोन पावले मागे बसा. 'द विटनेस'मध्ये (२०१६) एका बेटावर फिरत फलकांवर रेघ ओढून कोडी सोडवायची असतात; त्यांतली काही केवळ रंगांच्या छटांवर उभी आहेत. रंग भडक केलेले असतील तर बरोबर रेघ ओढूनही उत्तर का चुकते ते कळत नाही. त्याच खेळात एका भागातली कोडी कानांनी सोडवायची आहेत, तिथे पंख्याच्या घरघरीत टीव्हीचा स्पीकर पुरत नाही. रंग ओळखण्यात किंवा ऐकण्यात अडचण असणाऱ्याने ते भाग सोबत्याच्या मदतीने करावेत.

टीव्हीवर आणखी दोन गोष्टी कराव्यात. एक, 'गेम मोड' चालू करावा. त्याने चित्र गुळगुळीत करण्याची प्रक्रिया थांबते आणि बटण दाबणे व हालचाल यांतला उशीर कमी होतो. नुसत्या विचाराच्या कोड्यांत हा उशीर जाणवत नाही, पण उडी मारायच्या खेळांत माणूस स्वतःला दोष देत बसतो आणि दोष टीव्हीचा असतो. दोन, पडद्याच्या कडेची अक्षरे कापली जात असतील तर चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करावा. नाव कंपनीगणिक वेगळे असते. अक्षरे तरीही बारीक वाटली तर आधी खेळाच्या सेटिंगमध्ये उपशीर्षकांचा आकार वाढवावा. पीएस५वर (प्लेस्टेशन ५) ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये झूम चालू केले की कंट्रोलरवरचे पीएस बटण आणि चौकोनाचे बटण एकत्र दाबून पडदा मोठा करता येतो. 'डिस्को इलिझियम'सारख्या, कादंबरीइतके वाचन असलेल्या खेळात याचा फार उपयोग होतो.

आपल्या मातीतले म्हणावेत असे दोन खेळ इथे सांगायलाच हवेत. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' (२०२०) हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणारी बहीण. निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडी. पुढे निघालेल्या 'एन्हान्स्ड एडिशन'मध्ये हिंदी संवाद आहेत, तीच आवृत्ती घ्यावी. स्पष्टच सांगायचे तर यात मारामारी जास्त आणि कोडी सोपी. वर्तुळाकार चित्रे फिरवून जुळवायची कोडी सुंदर आहेत, पण गोष्ट ऐन भरात थांबते आणि पाच-सहा तासांत खेळ संपतो. तरी राजस्थानी वळणाचे किल्ले आणि भिंतीवरची चित्रे यांसाठी तो घरात असावा. दुसरा 'वेन्बा' (२०२३). कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची ही गोष्ट टोरांटोच्या विसाई गेम्सने केली आणि २०२४मध्ये त्याला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. आईची पाककृतींची वही फाटली आहे, डाग पडून अक्षरे गेली आहेत. उरलेल्या ओळींवरून पदार्थ करायचा. पहिलेच कोडे इडलीचे. घरी इडलीपात्र लावणाऱ्याला उत्तर चटकन सुचते, कारण ताटल्या एकमेकींवर कशा ठेवल्या म्हणजे वाफ सगळीकडे फिरते हे हाताला ठाऊक असते. चुकले तर शिक्षा नाही, पुन्हा रचायचे. खेळ दीड-दोन तासांचा आहे हे विकत घेताना ध्यानात असू द्यावे, म्हणजे नंतर हळहळ नको.

दोघांनी मिळून खेळायचे असेल तर 'इट टेक्स टू' (२०२१). हा एकट्याने खेळताच येत नाही. घरात बसून खेळायला एक प्रत आणि दोन कंट्रोलर लागतात. दुसरा खेळाडू दुसऱ्या घरी असेल तर त्याने 'फ्रेंड्स पास' फुकट उतरवून घ्यायचा, प्रत एकाकडे असली तरी पुरते. इथे एक खर्च वाचतो. पीएस४चा जुना कंट्रोलर पीएस५वर फक्त पीएस४चे खेळ खेळायला चालतो. 'इट टेक्स टू'ची पीएस४ आवृत्तीही आहे, ती लावली की जुना कंट्रोलर कामी येतो. 'इट टेक्स टू' करणाऱ्याच मंडळींचा 'स्प्लिट फिक्शन' (२०२५) पीएस४वर नाहीच, त्यामुळे त्याला नवे दोन कंट्रोलर हवेत. एक्सबॉक्सकडे ही अडचण नाही, तिथे एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर नव्या यंत्रावर चालतात. पालकांसाठी एक सूचना: 'इट टेक्स टू'ची गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आई-वडिलांची आहे आणि त्यात मऊ खेळण्यातल्या हत्तीचा एक प्रसंग लहानग्यांना रडवतो. आधी स्वतः तिथपर्यंत खेळून बघावे. 'पोर्टल २' हा याच जातीचा, कोड्यांच्या बाबतीत त्याहून सरस खेळ, पण तो पीएस४ आणि पीएस५वर मिळत नाही. स्विच किंवा एक्सबॉक्सवर शोधावा. स्विच आपल्याकडे बहुधा बाहेरून आणलेला असतो, म्हणून वॉरंटी कोण देणार हे पैसे देण्याआधी विचारावे.

'आउटर वाइल्ड्स' (२०१९) घेताना नाव नीट वाचावे. त्याच वर्षी 'द आउटर वर्ल्ड्स' नावाचा बंदुकांचा खेळ आला आणि दुकानात व ऑनलाइनही गफलत होते. 'वाइल्ड्स'मध्ये छोट्या सूर्यमालेत २२ मिनिटे मिळतात, मग सूर्य फुटतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. शिल्लक राहते ते आपल्याला कळलेले. त्याची नोंद यानातल्या लॉगमध्ये आपोआप होते, म्हणून दर फेरीला तो उघडून कुठे अजून काही बघायचे राहिले आहे ते वाचावे. नवख्यांचा हमखास अपघात म्हणजे ऑटोपायलट, यान आपोआप चालवणारी सोय. तो सरळ रेषेत नेतो, मध्ये सूर्य आला तरी वळत नाही. वाट मोकळी आहे ना हे बघूनच बटण दाबावे.

'द विटनेस'ची पाचशेहून अधिक कोडी असोत की 'ब्लू प्रिन्स'ची (२०२५) खेळातल्या दर दिवशी बदलणारी ४५ खोल्यांची हवेली, शेजारी गणिताची चौकटींची वही आणि पेन्सिल हवीच. फोनने काढलेले फोटो गॅलरीत हरवतात, वहीतली आकृती डोळ्यांसमोर राहते. अडल्यावर यूट्यूबवर पूर्ण उत्तर लावण्याची सवय सगळ्यात घातक. आधी उठून दुसऱ्या भागात जावे. 'विटनेस'मध्ये तर न समजलेल्या खुणेचा धडा बेटावर दुसरीकडेच असतो. मग समोरच्या प्रत्येक वस्तूने काय काय होते ते लिहावे आणि न वापरलेली वस्तू शोधावी. त्यानंतरही जमले नाही तर टप्प्याटप्प्याने सूचना देणारी मदत घ्यावी. पीएस५वर काही खेळांत 'प्लेस्टेशन प्लस' या सशुल्क सेवेच्या सभासदांना अशी मदत पडद्यावरच मिळते.

सेव्हबद्दल, म्हणजे खेळ कुठवर आला याच्या नोंदीबद्दल थोडे. यातले बरेच खेळ आपोआप सेव्ह होतात, आणि काहींत एकच जागा असते. धाकट्याने 'न्यू गेम' दाबले की थोरल्याचे वीस तास गेले. घरातल्या प्रत्येकासाठी कन्सोलवर वेगळा युजर काढावा, सेव्ह त्या त्या युजरकडे राहतात. कोपऱ्यात सेव्हची खूण फिरत असताना मुख्य बटण बंद करू नये, आणि पावसाळ्यात वीज लपंडाव खेळत असेल तर कन्सोल रेस्ट मोडवर (अर्धवट झोपेत) न ठेवता पूर्ण बंद करावा.

लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी जुन्या डिस्क घेणाऱ्यांनी आधी आपल्या यंत्राला डिस्कची खाच आहे का ते पाहावे. एक्सबॉक्स सिरीज एस आणि पीएस५ची डिजिटल आवृत्ती यांना ती नसते. खाच असेल तर पीएस४ची डिस्क पीएस५वर चालते. वरच्यातले छोटे खेळ मात्र बरेचदा डिस्कवर मिळतच नाहीत, ते ऑनलाइनच घ्यावे लागतात.

संपादक महाशय, आपल्या रविवारच्या पुरवणीत नाटक आणि पुस्तकांच्या परिचयाशेजारी महिन्यातून एकदा अशा एका खेळाला चौकट द्यावी, ही विनंती. गुण द्यायची गरज नाही. खेळ किती तासांचा, किती जणांचा, इंग्रजी वाचन किती, कोणत्या वयापासून आणि कोणत्या कन्सोलवर, एवढे पाच तपशील छापले तरी घराघरांतली खरेदी बदलेल.

आपले,
दोन वाचक, गिरगाव, मुंबई