ती घूं तुझी नव्हती

प्रिय मित्रा,

चार महिने पत्र नाही, आणि आज लिहितोय ते माफीचं. आधीच सांगतो, पूर्ण माफी नाही.

तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. आपला तो ॲम्प्लिफायर परवा माळ्यावरून काढला. लॅपटॉपवरची गाणी त्यावर वाजवायची, एवढंच. केबलच्या एका टोकाला 3.5 मिमीची पिन, हेडफोनची असते ती, दुसरीकडे लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना, डाव्या-उजव्या आवाजाच्या. मागे मोकळी जागा दिसली, खुपसल्या. असा गडगडाट झाला की मांजर पळालं. फोनोत लावल्या होत्या! ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या चार-पाच मिलिव्होल्टसाठी. आलेलं शंभरेक पट वाढवते, वर खर्ज फुगवते. लॅपटॉप तर व्होल्टच्या आसपास देतो. हे तू मला तेव्हाही ओरडून सांगितलं होतंस म्हणा.

मग ऑक्समध्ये लावल्या, बाहेरच्या यंत्रांसाठीची साधी जागा. लॅपटॉपचा आवाज जवळजवळ पूर्ण, ॲम्प्लिफायरचा शून्यापासून हळूहळू वर. सुरेख! गाणं संपलं आणि मागे राहिली घूंऽऽ. तीच रे, आपल्या खोलीतली.

केबल नवी, कारखान्यातली. तेव्हाची तू सोल्डर केलेली होती, हिला तुझा हात लागलेला नाही. मी तसाच बसून राहिलो. शेवटी सहज चार्जर काढला आणि घूं गप्प. लावला, सुरू. दहा वेळा केलं, वेड्यासारखं.

चार्जरची अर्थ भिंतीत, ॲम्प्लिफायरची अर्थ भिंतीत, आणि केबलमधली तारांची जाळी दोघांना इकडून पुन्हा जोडते. त्या फेऱ्यातून मेन्सची 50 हर्ट्झची घरघर गाण्यात शिरते. 'अर्थची पिन काढून टाक' असा सल्ला एकाने दिला. शॉक खायची हौस असेल तर उत्तम सल्ला. मी मधे लावायला आयसोलेटर मागवलाय: आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, गाणं जातं पण तारेला तार भिडत नाही. तोवर बॅटरीवर दोन तास ऐकतो.

आता कळलं ना? तुझा तेव्हाचा कॉम्प्युटरही तीन पिनचाच होता. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, 'याला सोल्डरिंग येत नाही.' तू आयर्न आपटलंस, टेबलावरचा डाग आठवतो. पंधरा दिवस आपण एकाच खोलीत चिठ्ठ्यांवर बोललो. 'दिवा घालव' हीसुद्धा चिठ्ठी! इतकी वर्षं तो किस्सा मी मैफलीत रंगवून सांगतोय, तुझ्याच खर्चाने.

तुझ्या गुडघ्याचं कळलं, ऑपरेशन ठरलं का? लेकीच्या नोकरीबद्दल अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

हां, तुझी ती केबल सापडली, काळी टेप गुंडाळलेली. काल बॅटरीवर तीच लावली. घूं नाही, काही नाही. फक्त जरा हलवली की डावा स्पीकर खरखरून बंद पडतो. ते सोल्डरिंग मात्र तुझंच. ते मी सोडणार नाही.

तुझाच,
चिठ्ठीवाला