बाईंच्या हातात काही ठेवलंय का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पूर्वी कसे मास्तर छडी घेऊन उभे असायचे, असं म्हणत उसासे टाकणाऱ्यांतली मी नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 17 ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं ते बरंच झालं. पण छडी काढून घेतल्यावर बाईंना त्याजागी काय दिलं, एवढंच मला विचारायचंय.

माझ्या जावेचा मुलगा सातवीत आहे, इथेच भांडुपला. दिवाळीनंतर त्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायला लागली, जाऊबाईंना वाटलं खेळायच्या नादात विसरतो. मग कळलं की पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागतं आणि मधल्या सुट्टीत तिथे आठवीतली तीन-चार पोरं उभी असतात, पँट खेचतात, कडी लावू देत नाहीत. वर्गशिक्षिकेला माहीत होतं. त्या म्हणाल्या, अहो मी त्यांना नुसतं वर्गाबाहेर उभं केलं तरी दुसऱ्या दिवशी पालक ऑफिसात हजर, मोबाईलवर शूटिंग सुरू, आणि हेडसर मलाच म्हणणार जरा सांभाळून घ्या. शेवटी तोडगा काय निघाला, तर आमच्याच पोराला सांगितलं की तू तास चालू असताना विचारून जात जा! म्हणजे ज्याला त्रास त्यालाच नियम.

2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झाल्यावर सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती याची सगळीकडे धावपळ झाली. चांगलंच आहे. पण बाथरूममध्ये कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये, तिथे माणूसच लागतो. तो कुठून आणणार? 2020 च्या जीआरनंतर अनुदानित शाळेतला जुना शिपाई रिटायर झाला की ती पोस्टच संपते, मग भत्त्यावर कोणीतरी येतो, आज आहे उद्या नाही. आणि बाई? त्या निवडणुकीच्या कामाला.

शाळेने वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून द्यावं, पालकांच्या सह्या घ्याव्यात, की दुसऱ्याला त्रास देणाऱ्या मुलाला वेगळं बसवायचा, मधली सुट्टी ऑफिसात काढायला लावायचा आणि त्याच दिवशी आईबापाला बोलवायचा अधिकार वर्गशिक्षकाला आहे. कोणी काय केलं, कोणी पाहिलं, ते तारीख घालून रजिस्टरमध्ये लिहायचं, म्हणजे उद्या कोणी बाईंवर आरोप केला तरी त्यांच्या हातात कागद असेल. त्रास देणाऱ्या पोराशीही समुपदेशकाने बोलायला हवं, बऱ्याचदा तेच घरी मार खात असतं. यातल्या कशालाही हात उगारावा लागत नाही, हेडसरांनी पाठीशी उभं राहावं लागतं, आणि तिथेच घोडं अडतं कारण ॲडमिशन कमी होतील ही भीती.

आपण पालकही काही कमी नाही. आपलं पोर मारून आलं तर मस्ती आणि मार खाऊन आलं तर लगेच पोलीस कंप्लेंट, असं कसं चालेल?

जाता जाता, त्या शाळेतली तक्रारपेटी ऑफिसच्या दारात आहे, बरोब्बर कॅमेऱ्यासमोर, आणि चावी क्लार्ककडे. तिच्यात चिठ्ठी टाकायची हिंमत मोठ्या माणसाला व्हायची नाही. निदान ती पेटी जिन्याकडच्या भिंतीला न्या, त्याला तर जीआरची वाट बघायला नको.

– एक पालक, भांडुप