टेस्ट सर्व्हरवरच्या पासवर्डची जबाबदारी कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, असे ग्राहकाला सतत बजावले जाते. ते योग्यच आहे. पण बँकेच्या संगणकांत माणसांखेरीज प्रोग्रामही रोज लॉगिन करतात. कुणी रात्रीचे डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याचे काम, चालवतो, कुणी एसएमएस पाठवतो, कुणी व्यवहारांचा ताळमेळ घालतो. त्यांच्या या खात्यांना सर्व्हिस अकाउंट म्हणतात. त्यांना ना ओटीपी येतो, ना त्यांची कधी निवृत्ती होते.

मी १८ वर्षे एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात होतो. लिपिक निवृत्त झाला की त्याच दिवशी त्याचे लॉगिन बंद व्हायचे. ताळमेळाचे एक खाते मात्र वर्षानुवर्षे एकाच पासवर्डवर चालले होते. ते तयार करणारा व्हेंडरचा, म्हणजे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा, कर्मचारी केव्हाच नोकरी सोडून गेला होता. पासवर्ड बदलला आणि डे-एंड अडकले तर? या भीतीने आम्ही कुणीच हात लावला नाही. तोच पासवर्ड टेस्ट सर्व्हरवरही, म्हणजे नवे बदल आधी तपासून पाहण्याच्या संगणकावरही होता, आणि ऑडिट व्हायचे ते फक्त प्रत्यक्ष व्यवहारांच्या लाइव्ह सर्व्हरचे!

मोठ्या कंपन्यांतही हेच घडले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हल्लेखोर मायक्रोसॉफ्टमध्ये शिरले ते चाचणीसाठीच्या एका जुन्या खात्यातून. तिथल्या एका विसरलेल्या टेस्ट अ‍ॅपला कंपनीच्या मुख्य यंत्रणेत मोठे अधिकार होते, त्यामुळे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ईमेलपर्यंत ते पोहोचले. टोयोटाच्या कंत्राटदाराने गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर टाकलेल्या कोडमध्ये सर्व्हरची किल्ली, म्हणजे पासवर्डसारखाच संकेत, राहून गेली. डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०२२, जवळपास पाच वर्षे, ती कुणालाही दिसेल अशी पडून होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला मान्य करावी लागली.

आता बँकेचा लाइव्ह सर्व्हर एकीकडे, क्लाउड दुसरीकडे, टेस्ट सर्व्हर व्हेंडरकडे. प्रत्येक ठिकाणचा माणूस वेगळा, त्यामुळे सगळ्या खात्यांची मिळून यादी कुणाकडेच नसते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो डेटा फुटल्यावर. त्याआधीच ऑडिटरने टेस्ट सर्व्हरसकट प्रत्येक सर्व्हिस अकाउंटची यादी मागावी. प्रत्येक खात्यापुढे एका हयात, नोकरीत असलेल्या माणसाचे नाव आणि पासवर्ड शेवटचा बदलल्याची तारीख असावी. ज्या खात्यापुढे नाव नाही, ते बंद करावे. डे-एंड एक रात्र अडकले तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली