तक्ता मराठीत हवा असेल, तर तसे मॉड्यूलमध्ये लिहावे लागते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या पतसंस्थेच्या संकेतस्थळावरील सभासद यादीची केलेली तक्रार वाचली. यादीत ‘काळे’ हे ‘काशीकर’ यांच्या आधी येतात, भाग क्रमांक १ नंतर १०, ११, १२ असे धावत जाऊन मग कधीतरी २ येतो, ‘कुलकर्णी’ यांचा उकार खालून कापला गेला आहे आणि सगळे पान मराठीत असताना तक्त्याच्या तळाशी मात्र ‘आयटम्स पर पेज’ असे इंग्रजी लिहिलेले आहे, असे त्यांनी नेमकेपणाने नोंदवले आहे. हे सगळे खरे असणार, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्यावरून ‘संगणकाला मराठी मानवत नाही’ असा जो निष्कर्ष त्यांनी काढला आहे, तो मला मान्य नाही. मी गेली आठ वर्षे अँग्युलर या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे संकेतस्थळे बांधण्याच्या एका तयार सांगाड्यात, अशाच याद्या, खतावण्या आणि अहवाल तयार करतो. ती यादी माझ्या हातची नाही, पण तिच्यातील एकूण एक चूक मी स्वतः कधी ना कधी केलेली आहे, म्हणून हे पत्र.

गूगलने सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलरची दुसरी आवृत्ती आणली, तेव्हापासून ब्राउझरमध्ये चालणारी पुष्कळशी कार्यालयीन सॉफ्टवेअरे त्यात लिहिली जातात. तक्ता, त्याखालची पाने उलटण्याची पट्टी, मथळ्यावर टिचकी मारून क्रम लावण्याची सोय हे सगळे त्यात आयते मिळते. कोणती सामग्री कुठे वापरायची आणि कोणत्या भाषेत दाखवायची हे मॉड्यूल नावाच्या फायलींत लिहून द्यायचे असते. २०२२ पासून मॉड्यूलांशिवाय काम करण्याची पद्धत आली आणि आता तीच मूळ पद्धत झाली आहे, पण जुन्या प्रकल्पांत मॉड्यूले तशीच आहेत आणि नव्यांतही तोच मजकूर केवळ दुसऱ्या फायलीत गेला आहे. नवा प्रकल्प एका आज्ञेने उभा राहतो, आणि उभा राहतो तो इंग्रजीत: पहिल्याच पानाच्या पहिल्याच खुणेत भाषा ‘एन’ (en), म्हणजे इंग्रजी, म्हणून नोंदलेली असते आणि आकडे, तारखा यांचे वळण अमेरिकन इंग्रजीचे असते. हे बदलायला दोन-तीन ओळी पुरतात. त्या लिहिल्या जात नाहीत, कारण पान उघडल्यावर मराठी मजकूर दिसतो आणि काम झाले असे वाटते.

भाषेची ती खूण ‘एमआर’ (mr), म्हणजे मराठी, केली नाही तर काय बिघडते? दृष्टिहीन वापरकर्त्याचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाने वाचू पाहतो. शिवाय नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, पण पान मराठी आहे हे कळल्याशिवाय फाँट ते बाहेर काढत नाही आणि हिंदी वळणाची अक्षरे दाखवतो. आपल्या शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ल आणि श यांचे मराठी वळण ठरवून दिले आहे. ते पाळायला येथे दोन अक्षरे बदलायची असतात.

तळाच्या इंग्रजी पट्टीचे कारण निराळे आहे. तिच्यातील शब्द पुरवणारा एक वर्ग (क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा) अँग्युलर मटेरियलमध्ये, म्हणजे तक्ते, पट्ट्या, बटणे असे तयार भाग देणाऱ्या अँग्युलरच्या जोडसंचात, असतो. त्याच्या जागी आपला मराठी वर्ग लिहून तो मॉड्यूलच्या पुरवठादारांच्या (प्रोव्हायडर) यादीत नोंदवायचा असतो. मी पहिल्यांदा तो कर्जविभागाच्या मॉड्यूलमध्ये नोंदवला. कर्जांची यादी मराठी झाली, मी खूष झालो, आणि पंधरा दिवसांनी संस्थेच्या लेखनिकांचा फोन आला की ठेवींच्या यादीखाली अजून इंग्रजीच आहे. मागणीनुसार मागाहून लोड होणाऱ्या मॉड्यूलचा पुरवठादार त्या मॉड्यूलपुरताच असतो, शेजारच्याला तो दिसत नाही. म्हणून भाषेची प्रत्येक गोष्ट मुळातल्या मॉड्यूलमध्येच नोंदवावी लागते, हे मला त्या फोनमुळे कळले. एकाच संकेतस्थळाचे एक पान मराठी आणि दुसरे अर्धे इंग्रजी दिसले की मला आता हाच संशय येतो.

क्रमाचा प्रश्न मात्र खरा मराठीचा आहे. अँग्युलरचा तयार तक्ता दोन नावांची तुलना करताना त्यांतील अक्षरांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेले ठरावीक क्रमांक, पाहतो. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे कामत, काळे, काशीकर, कासार असा क्रम लागतो. मराठी शाळेत शिकलेला माणूस कासारांच्या पुढे काळ्यांना शोधतो आणि ‘माझे नाव यादीत नाही’ म्हणून संस्थेत येतो. वार्षिक सभेच्या आधी हा प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. यावरचा उपाय प्रत्येक आधुनिक ब्राउझरमध्ये आधीपासून आहे: तुलनेचे काम ब्राउझरच्या कोलेटर या साधनाकडे द्यायचे आणि त्याला भाषा मराठी असल्याचे सांगायचे, म्हणजे ळ आपल्या जागी जातो. क्षीरसागर यांना क मध्ये ठेवायचे की शेवटी, यावर आपले कोशही एकमताचे नाहीत, तेव्हा त्यासाठी मी संगणकाशी भांडणार नाही.

आकड्यांची गंमत याहून बारीक आहे. हाच तक्ता ‘10’ असा मजकूर मिळाला तर त्याला संख्या समजून घेण्याइतका शहाणा आहे. ‘१०’ मिळाला तर त्याला ती केवळ दोन चिन्हे वाटतात आणि तो शब्दासारखा क्रम लावतो. दोष तक्त्याचा कमी आणि आमचा अधिक, कारण जुन्या एक्सेलमधील देवनागरी आकडे आम्ही जसेच्या तसे विदागारात (डेटाबेसमध्ये) भरतो. साठवायची ती संख्या, आणि दाखवायचे ते देवनागरी अंक, एवढे वेगळे ठेवले की क्रमही सुधारतो आणि बेरीजही चुकत नाही. दाखवण्याचे काम ब्राउझर स्वतः करतो: भाषा मराठी आणि देश भारत असे सांगितले की १२,३४,५६७ अशी लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह रक्कम देवनागरीत उमटते. ज्या संस्थेला 1, 2, 3 असे इंग्रजी अंक हवे असतील तिला तेही त्याच सूचनेत मागता येतात.

शोधाच्या चौकटीबद्दल शिक्षकांनी लिहिलेले नाही, पण त्यांनी ‘कऱ्हाडे’ शोधून पाहावे. हे आडनाव एक लेखनिक नुक्त्याचा ऱ वापरून टंकतो, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तक्त्याच्या गाळणीला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि निम्मे कऱ्हाडे गायब होतात. युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धत या दोघांना एक करत नाही. शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एका रूपात आणणारी ओळ आपल्यालाच लिहावी लागते, आणि ती मराठी टंकणाऱ्या माणसालाच सुचते.

आता कापलेल्या उकाराविषयी. अँग्युलर मटेरियलच्या तक्त्याची रांग मुळात ५२ पिक्सेल उंच असते. एका पानावर जास्त नावे मावावीत म्हणून घनता चार पायऱ्या वाढवली की ती ३६ वर येते. तेवढ्यातही मराठी बसते; बिघडते ते पुढे, जेव्हा लांब नावापुढे तीन टिंबे यावीत म्हणून ‘बाहेर जाईल ते लपव’ असा नियम लिहिला जातो आणि ओळीची उंची अक्षराच्या उंचीएवढीच ठेवली जाते. इंग्रजीचे त्यात फारसे बिघडत नाही. मराठीत वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय, त्यामुळे वरून किंवा खालून काहीतरी छाटले जातेच. त्यात मटेरियलचा मूळ फाँट रोबोटो. त्यात देवनागरी नाही, म्हणून ब्राउझर यंत्रात सापडेल तो फाँट लावतो, आणि माझ्या यंत्रावर नीट दिसणारी रांग संस्थेच्या यंत्रावर कापली जाते. मथळ्यातील अक्षरांमध्ये अंतर सोडण्याची इंग्रजी हौस तर सरळ शिरोरेषा तोडते. ‘सभासदाचे नाव’ असे लिहिलेले पट्टीवर मण्यांसारखे सुटे सुटे दिसते. मी ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून किंचित जास्त ठेवतो, अक्षरांमधील अंतर शून्य करतो आणि फाँट संकेतस्थळासोबतच पाठवतो.

हे नियम कुठे लिहायचे, यातही एक खोच आहे. अँग्युलर प्रत्येक घटकाची स्टाइल त्याच्यापुरती कोंडून ठेवते, त्यामुळे आपल्या फायलीतील नियम तळाच्या पट्टीच्या आतल्या अक्षरांपर्यंत पोहोचत नाही. घाईत असलेला प्रोग्रामर मग ‘एनजी डीप’ हा चोरदरवाजा वापरतो. तो नियम बाहेर सांडतो आणि भलत्याच पानावरचे बटण फुगते. मी हे केलेले आहे आणि त्याची उत्तरेही दिली आहेत. संपूर्ण संकेतस्थळाची एकच थीम फाइल ठेवून तिच्यात मराठीचे नियम लिहिले की ही वेळ येत नाही.

आपल्या वाचकांपैकी जे पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, ग्रंथालये किंवा शाळा यांच्या समित्यांवर आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. सॉफ्टवेअरचे काम देताना करारात ‘संकेतस्थळ मराठीत असावे’ एवढेच लिहू नये. त्याऐवजी दहा नावांची एक यादी सोबत जोडावी. तिच्यात काळे आणि कासार असावेत, कऱ्हाडे दोन्ही तऱ्हांनी टंकलेले असावेत, क्रमांकांत २ आणि १० दोन्ही असावेत आणि एखादे ‘कुर्डूकर’ यांच्यासारखे वर-खाली भरलेले आडनाव असावे. ही यादी तक्त्यात नीट दिसली, क्रमाने लागली आणि शोधता आली, तरच शेवटचा हप्ता द्यावा. माझ्या अनुभवात हे सगळे सुरुवातीलाच सांगितले तर दोन दिवसांचे काम असते. यादी छापून सभासदांच्या हाती पडल्यावर सांगितले तर महिना जातो आणि बिलावरून वाद होतात. आमच्या धंद्यातील कोणी या मागणीवर ‘फ्रेमवर्कमध्ये ती सोय नाही’ असे उत्तर दिले, तर त्याला मुळातले मॉड्यूल उघडून भाषेची ओळ दाखवायला सांगावे.

आपला,
एक संगणक अभियंता, पुणे