पदर मागे सारणाऱ्या, आमच्या गावच्या आशा आरोग्यसेविका ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलाल. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

दिवाळी सरली की आमच्या आत्या मिटून जातात, हे घराला तीन वर्षं दिसत होतं. दहा-अकरा तास झोपूनही अंग जड, सारखं गोड खावंसं वाटणं, हुरड्याच्या दिवसांत शेताचं नाव नको. फाल्गुन लागला की पुन्हा पहिल्यासारख्या. ऋतूबरोबर येऊन ऋतूबरोबर ओसरणारं हे नैराश्य आहे. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. इथे मात्र कुणी आळस म्हणालं, कुणी बाहेरचं बघितलं. एका दवाखान्यात तर दर वेळी सलाईन लावून पैसे घेतले. झोप किती, मन कशात लागतं का, हे एकदाही विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही विचारलंत. आवाज न बदलता पुढचंही विचारलंत, “आत्या, जीव नकोसा वाटतो का?” असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं, ही भीती खोटी आहे. उलट माणूस मोकळं होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासायला लावलंत, कारण यांच्या कमतरतेनेही असंच गळून जायला होतं. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, भिंतीवर खडूने लिहून दिलात. फुकट, मराठीत, चोवीस तास.

पण डोळ्यांसमोरून हलत नाही ते वेगळंच. माजघरातली बाज तुम्ही स्वतः ओढत अंगणात आणलीत, पूर्वेकडे तोंड येईल अशी लावलीत, आणि आत्यांच्या भुवयांपर्यंत आलेला पदर दोन बोटांनी हलकेच मागे सारलात. मग पायथ्याशी बसून तुरीच्या शेंगा सोलत राहिलात. ‘उठा, हसा, कामाला लागा’ काही नाही.

तो पदर फार महत्त्वाचा होता. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाने लागतं, पाठीवर घेतलेल्या उन्हाने नाही. आपल्याकडे डिसेंबरातही दिवस जवळपास अकरा तासांचा असतो. थंडीमुळे दार लावून आत बसतो ते आपण. उजेड लक्समध्ये मोजतात; आत जेमतेम दोन-तीनशे लक्स, अंगणात सकाळी ढगाळ असलं तरी हजारांत. थंड देशांत दहा हजार लक्सचा दिवा लावून सकाळी अर्धा तास बसतात. इथे साडेसातला अंगणात अर्धा-पाऊण तास बसावं, सूर्याकडे टक न लावता. बहुतेक जण चुकतात ते इथेच: दुपारी, डोकं गुंडाळून, उन्हाकडे पाठ करून बसतात, आणि चौथ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडतात. फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, डॉक्टरांच्या गोळ्यांना त्याहून जास्त. ऊन मिळतंय म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे तुम्ही तीनदा बजावलंत. ज्याला कधी उन्मादाचा झटका येऊन गेलाय, त्याने आधी डॉक्टरांना विचारावं, हेही.

मोबदल्याच्या कुठल्याच रकान्यात बाज ओढणं नसतं, ताई. तरी सलग सोळा सकाळी तुम्ही आलात. गावाचं बरंचसं असल्या माणसांवर चालतं आणि त्यांची नावं कुठल्या फलकावर नसतात.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आत्या शेतात आल्या. तासभरच थांबल्या, फार बोलल्या नाहीत. पण जेवायला बसण्याआधी भज्जीची एक वाटी त्यांनी झाकून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “ही ताईला न्या.”